स्टिकला थोडा प्ले

मी भूममध्ये लग्नांचं शूटिंग करतो. दोन वर्षांपूर्वी एफपीव्ही ड्रोन घेतला. डोळ्यांवर गॉगल लावायचा, ड्रोनला दिसतं ते आपल्याला दिसतं, आणि रिमोटच्या दोन स्टिक अंगठ्यांनी हलवत तो उडवायचा. साधा ड्रोन हात सोडला की जागेवर थांबतो. हा थांबत नाही. हे मला माहीत होतं, अंगठ्यांना माहीत नव्हतं.

स्टिक किती हलवली की ड्रोननं किती वेगात फिरायचं, हे लॅपटॉपला जोडून ठरवता येतं. त्याला रेट म्हणतात. मी एका शर्यतीवाल्याच्या व्हिडिओतले रेट जसेच्या तसे उतरवून घेतले. त्या हिशेबानं स्टिक पूर्ण लोटली की ड्रोन सेकंदाला तीन गिरक्या घेणार होता. मला मांडवात नवरा-नवरीवरून सावकाश जायचं होतं. तरी रेट तेच ठेवले.

पहिल्या दिवशी ड्रोन शेताच्या बांधावरच्या बाभळीत गेला. दुसऱ्या दिवशी उभ्या ज्वारीत. पडला की तो पिंपिं वाजतो, म्हणून सापडला. शोधायला वडील सोबत होते. ते एसटीचे निवृत्त ड्रायव्हर. तिसऱ्या दिवशी ते न बोलावता आले आणि माझ्या शेजारी उभं राहून आकाशाकडं न बघता माझ्या हातांकडं बघत राहिले.

"तुझा अंगठा कापतोय," ते म्हणाले, "आन् त्या यंत्राला तेवढंबी कळतंय. मधी प्ले न्हाय का ह्याला?"

मी म्हणालो, कसला प्ले. त्यांनी सांगितलं की गाडीचं स्टेअरिंग मधोमध जरा सैल लागतं, तेवढं हललं तर गाडी हलत नाही. तेवढा प्ले नसता तर शेजारच्या वाशीपर्यंतसुद्धा एक प्रवासी जागेवर बसला नसता.

ड्रोनमध्ये ते होतं. मधल्या भागातली संवेदनशीलता वेगळी कमी करता येते, टोकाचा वेग वेगळा. मी दोन्ही एकदम कमी करायला निघालो, तर वडिलांनी अडवलं. एका बॅटरीला, म्हणजे एका उड्डाणाला, एकच बदल, असं त्यांचं म्हणणं. ते बांधावर वही घेऊन बसले. त्यात 'वळताना घाई', 'मधी बरं', 'डावीकडं नाक पुढं जातंय' असं लिहीत गेले. नाक पुढं जातंय म्हणजे यॉचा, जागच्या जागी डावी-उजवीकडं वळण्याचा, रेट जास्त होता. मला हे त्यांच्या वहीतून कळलं.

आठवडाभरात टोकाचा वेग निम्म्यावर आला आणि ड्रोन सरळ जाऊ लागला. मग त्यांना दुसरा गॉगल दिला, म्हणजे मी उडवायचं आणि त्यांनी नुसतं बघायचं. मी विहिरीला एक वळसा मारला. त्यांनी गॉगल काढला, लिंबाच्या झाडाला धरलं आणि ओकले. पस्तीस वर्षं लोकांना खिडकीतून ओकताना त्यांनी आरशात पाहिलं होतं, त्याबद्दल त्यांचं मत फारसं चांगलं नव्हतं.

तोंड धुऊन म्हणाले, "मला गरगरणार न्हाय आसं लाव."

म्हणून आणखी उतरवलं. रोज एक बदल, रोज एक वळसा. पाचव्या दिवशी त्यांनी पूर्ण वळसा बघितला, गॉगल काढला आणि विहिरीला गाळ काढायची गरज असल्याचं सांगितलं. तो रेट मी वेगळा साठवून ठेवला.

पुढच्या महिन्यात वाशीला एका लग्नात तोच रेट लावला. वरात, मांडव, अक्षता, सगळं न गरगरता आलं. नवऱ्याच्या मामांनी व्हिडिओ बघून विचारलं, एवढा भारी ड्रोन घेतलाय तर जरा जोरात का उडवला नाही. मी म्हणालो, बसणाऱ्यांचा विचार करावा लागतो. त्यांना ते पटलं असावं, कारण पुढं त्यांनी फक्त जेवलात का एवढंच विचारलं.