विचारून धरलेला हात

पक्षाघातानंतर माझ्या वडिलांची, आप्पांची, वाचा गेली. देखभालीसाठी रुग्णसेवेच्या एका संस्थेकडून शोभाताई येऊ लागल्या. त्या हात धुऊन यायच्या, चाकाच्या खुर्चीचा ब्रेक लावायच्या आणि विचारायच्या, "आप्पा, उठवू का?" मग थांबायच्या. उन्हाचा कवडसा चादरीवरून सरकत राहायचा, आणि शेवटी आप्पा डोळे हळूच मिटून होकार द्यायचे.

संस्थेच्या बाई तपासणीला आल्या. पलंगाचा कठडा, औषधं, हातमोजे, सगळं त्यांच्या यादीत होतं. फक्त हे विचारून थांबणं त्यात नव्हतं. मीही आजवर आप्पांना न विचारताच उचलत आलो होतो; नाही म्हणायला त्यांना वावच नव्हता.

रविवारी शोभाताईंची सुट्टी होती. मी विचारलं, "आप्पा, उठवू का?" आणि थांबलो. बऱ्याच वेळाने त्यांनी मान हलवली. नाही. मला इतकं बरं वाटलं, की मी तसाच त्यांच्या उशाशी बसून राहिलो.