रिलिव्हर आल्याशिवाय

अर्धांगाचा झटका आल्यापासून माझी आठवण कशी झाली आहे ते आधी सांगतो, म्हणजे पुढचा घोळ कळेल. जुनं सगळं शाबूत आहे. अंबरनाथच्या एमआयडीसीत ज्या केमिकल कंपनीत मी नोकरी काढली, तिथला कुठला व्हॉल्व्ह कुठल्या बाजूला फिरतो हे मी आजही झोपेतून उठून सांगेन. पण सकाळी चहा घेतला का, असं विचारलंत तर मला आधी कप शोधावा लागतो. हात सुधारला, जीभ सुधारली, आताचं मात्र डोक्यात टिकत नाही. टिकते ती फक्त भीती. ज्याचा धसका घेतला ते स्वच्छ आठवतं. चांगल्या बातम्या कुठे गळून पडतात, देव जाणे.

म्हणून मुलीने माझ्या फोनमध्ये रिमाइंडर भरून दिले. गोळी घ्या, गॅस बघा, किल्ली खिशात आहे का बघा. फोन वाजतो, वर अक्षरं येतात, खाली 'झालं' असं बटण असतं. सुरुवातीला माझं डोकंच फिरायचं. अरे, अख्खी शिफ्ट चालवलेला माणूस मी, आणि हा वीतभर डबा मला पाणी पी म्हणून सांगणार? पण करता काय, त्याच्यावाचून चालेना.

अशात बायकोच्या डोळ्याचं ऑपरेशन ठरलं. मोतीबिंदू म्हटलं की लोक हात झटकतात, आजकाल काही नसतं हो त्यात म्हणतात. पण तिचा दुसरा डोळा लहानपणापासून अधू. भाजी निवडणं, सुईत दोरा, माझ्या गोळ्यांची पाकिटं, सगळा कारभार या एका डोळ्यावर. तो गेला तर आमच्या घरात बघणारं कोणी नव्हतं, आणि आठवणारंही नव्हतं.

ऑपरेशन उल्हासनगरला झालं. मुलगी पुण्याहून रजा काढून आली, पहिले काही दिवस तिनेच डोळ्यात ड्रॉप घातले. जायची वेळ आली तशी म्हणाली, "आई, तू चल माझ्याबरोबर. बाबा, तुम्हीही चला."

बायको म्हणाली, "मी कुठे जात नाही. तुझे बाबा घालतील."

मुलीने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "बघतेस काय? घालीन." तिने फोनमध्ये ड्रॉपच्या वेळा भरल्या, नवी बाटली फ्रिजवर ठेवली आणि मला बजावलं, "आधी साबणाने हात धुवायचे, बाबा. इन्फेक्शन झालं तर डोळा जातो. आणि एक जरी चुकला ना, मी आईला घेऊन जाणार."

स्वतःच्या डोळ्यात स्वतः घालायला गेली की बायकोचे थेंब सगळे गालावर. तेव्हा मीच.

मुलगी पहाटे गेली त्याच दिवसाची गोष्ट. दुपारी मी गॅलरीत खुर्ची टाकून बसलो होतो. आमचं शिरगाव वाढतंय, समोर नवीन टॉवरचं काम चालू असतं, ते बघण्यात माझा वेळ जातो. आतून हाक आली, "अहो, दुपारचा ड्रॉप राहिला का?"

"घातला की!" मी म्हटलं.

"नाही हो."

"नाही कसा? फोन वाजला, मी उठलो, हात धुतले. चांगलं आठवतंय मला."

"हात धुतलेत. ड्रॉप घातला नाहीत."

झालं, माझा पारा चढला. झटक्यानंतर तो फार पटकन चढतो. मी काय काय बोललो ते लिहीत नाही. तुला काळ्या चष्म्यातून काय दिसतंय, इथपर्यंत बोललो. तिला खोटं पाडायचं म्हणून मी तावातावाने फ्रिजवरची बाटली उचलली. टोपणाचं सील तसंच होतं. मोडलेलंच नव्हतं.

दुपारचा सोडाच, सकाळपासून एकही थेंब गेला नव्हता. फोनमध्ये मात्र सगळ्यापुढे 'झालं', 'झालं'.

"सकाळी का नाही बोललीस?"

"बोलले असते तर चिडला असता," ती म्हणाली. "आता नाही का चिडलात?"

ते ऐकून मला जी भीती वाटली तशी झटक्याच्या वेळी हॉस्पिटलमध्ये पण वाटली नव्हती. मी विसरतो ते एक वेळ ठीक. पण मी चिडेन म्हणून ही डोळा घालवून बसेल आणि तोंड उघडणार नाही, हे काय भलतंच! मी सील मोडलं. पहिला थेंब नाकावर पडला, दुसरा बरोबर पडला. डोळा लालभडक दिसत होता. आधीपासून लाल होता की आत्ता झाला, मला कसं आठवणार?

संध्याकाळी मुलीचा फोन आला. ड्रॉप घातले का, तिने विचारलं. बायको म्हणाली, "हो, आत्ताच घातला." म्हटलं तर खरंच होतं.

त्यानंतर मला चैन पडेना. उठसूट तिच्याजवळ जायचो, वाकून डोळा बघायचो. एकदा फोनचा टॉर्चच लावला. "अहो, टॉर्च कसला मारताय!" ती ओरडली. मला एकच प्रश्न छळत होता. फोन वाजतो, मी वाचतो, मी उठतो, हातसुद्धा धुतो. मग बाटलीपर्यंत पोचत का नाही?

ते तिनेच शोधलं. दुसऱ्या दिवशी सकाळी फोन वाजल्यावर ती पलंगावर बसून, उरलेल्या अधू डोळ्याने, माझ्याकडे बघत राहिली. मला म्हणाली, "तुम्ही उठलात. फोन बंद केलात. कोपरापर्यंत साबण लावून हात धुतलेत, टॉवेल खांद्यावर टाकलात आणि गॅलरीत जाऊन पाय लांब केलेत. कामावरून आल्यासारखे."

मी कपाळावर हात मारला. कंपनीत भोंगा झाला की पहिलं काम तेच. नळावर रांग लावायची, कोपरापर्यंत साबण लावून केमिकलचा वास घालवायचा, टॉवेल खांद्यावर टाकायचा आणि सुटायचं. भोंगा झाला, साबण लागला, की पुढची काळजी पुढच्या शिफ्टची. नोकरीभर अंगात मुरलेलं. मुलीने भोंगाही दिला आणि साबणही दिला. मग माझं डोकं दर वेळी घरी जायला निघायचं, त्याची काय चूक?

"पण भोंगा झाला तरी तुम्ही कुठे लगेच यायचात?" बायको म्हणाली. "किती वेळा जेवण गार झालंय माझं. विचारलं की म्हणायचात, रिलिव्हर आला नाही."

बरोबर होतं. आमच्या प्लांटवर पुढच्या शिफ्टचा माणूस समोर उभा राहून चार्ज 'घेतला' म्हणत नाही तोवर जागा सोडायची नाही, असा नियम. हात धुऊन झालेले असोत, कपडे बदललेले असोत. चार्ज दिल्याशिवाय सुटका नाही.

"मग आता मी रिलिव्हर," ती म्हणाली. "फोन माझ्या उशाशी राहील. मी घेतला म्हणेपर्यंत तुम्ही सुटायचं नाही."

तेव्हापासून फोन तिच्या हातात. तो केकाटत राहायचा, मी हात धुवायचो, पाय आपोआप गॅलरीकडे वळायचे आणि ती आतून ओरडायची, "चार्ज कोण देणार?" शेजारच्या वहिनी दोनदा बघून गेल्या, सगळं ठीक आहे ना म्हणून. मी आत जायचो, ती मान मागे टाकायची, थेंब पडायचा. "घेतला," म्हणायची, आणि मग फोन बंद करायची. एकदाही चुकलं नाही, असं ती सांगते. मला मात्र रोज वाटायचं की उशीर झाला, त्या पहिल्या दिवसाने डोळा घालवला, आता कळायचं तेवढं बाकी आहे.

पुढचं जे आठवतं ते असं. दुपारची वेळ. मी हात धुतलेत आणि बाटली सापडत नाही. फ्रिजवर नाही, उशाशी नाही. मी कपाट उपसलं, कचऱ्याचा डबा उलटा केला. "बाटली कुठे टाकलीस? डोळा जाईल तुझा!" मी ओरडलो.

बायको स्वयंपाकघरातून आली. काळा चष्मा नव्हता. "अहो, ड्रॉप बंद झाले. काल नाही का आपण उल्हासनगरला गेलो?"

"कधी? मला कोण काही बोललं नाही."

"तुमच्यासमोरच बोलले डॉक्टर. काकी, आँख एकदम क्लिअर आहे, काकांनी छान घातले ड्रॉप, म्हणाले." ती थांबली. "तुम्ही त्यांचा हात धरून रडलात."

मला त्यातलं काहीही आठवलं नाही. आजही आठवत नाही. रिक्षा नाही, डॉक्टर नाही, रडणं नाही. ज्या बातमीसाठी जीव टांगणीला लागला होता ती मला मिळाली आणि मी ती वाटेतच कुठे टाकून आलो. भीती तेवढी घरी आणली.

मी खाली बसलो. तिने उशाशी ठेवलेला फोन आणला, चष्मा न लावता, एकेक अक्षर शोधत काहीतरी लिहिलं आणि तो माझ्या खिशात ठेवला.

आता रोज दुपारी ड्रॉपच्या वेळेला छातीत धडधडायला लागतं आणि तेवढ्यात फोन वाजतो. त्यावर लिहिलेलं असतं, 'माझा डोळा बरा झाला. ड्रॉप तुम्हीच घातलेत.' मला दर वेळी ही बातमी नवीनच असते. मी आतल्या दिशेने बघून विचारतो, "खरं का गं?" ती जिथे असेल तिथून "घेतला" म्हणते, आणि मग मी 'झालं' दाबतो.