चौकशीआत्या आणि आमच्या छताचं स्थळ

चौकशीआत्या कधीच कोणाच्या घरी पुढच्या दाराने गेल्या नाहीत. चपला मागच्या अंगणात काढायच्या, घासायला पडलेल्या भांड्यांना वळसा घालायचा आणि थेट स्वयंपाकघरात उभं राहायचं, ही त्यांची पद्धत. "पुढचं दार पाहुण्यांसाठी पुसलेलं असतं," त्या म्हणत. "घर कसं आहे ते मागच्या दाराला विचारावं." रावपुऱ्यातल्या आमच्या गल्लीत दुपारी मागच्या बाजूला कोणी खाकरलं की बायका वळूनही न बघता चहाचं आधण वाढवत.

त्या कोणाच्याच सख्ख्या आत्या नव्हत्या. नवरा रेल्वेत होता, तो लवकर गेला. मूलबाळ नव्हतं. गल्लीच्या टोकाला दोन खोल्यांत त्या एकट्या राहत आणि बडोद्यातल्या निम्म्या मराठी घरांची लग्नं त्यांच्या जिवावर ठरत. स्थळं सुचवणारे पुष्कळ असतात. आत्या स्थळं सुचवत नसत, त्यांची चौकशी करत. कोणी म्हणालं, मुलगा सुरतेला मोठ्या कंपनीत आहे, की आत्या पिशवीत बडोद्याचा ओलसर लीलो चिवडा घालून सुरतेची गाडी पकडत. मुलाच्या घरी जायच्याच नाहीत. इस्त्रीवाला, दूधवाला, शेजारीण, एवढ्यांना भेटून संध्याकाळी परत. एकदा त्यांनी चांगलं सोन्यासारखं स्थळ मोडलं. कारण विचारलं तर म्हणाल्या, "त्या घरात कामवाली टिकत नाही. सून कशी टिकेल?" या कामाचे त्या पैसे घेत नसत, मानाची साडीही नाही. लग्नात जिलबी मात्र पुन्हा मागून घेत.

मुलगा चांगला आहे का, असं त्या कोणालाही विचारत नसत. "यावर लोक हो म्हणतात. नाही म्हणायला कोणाच्या जिवावर येत नाही?" त्यांचा प्रश्न वेगळा असे. शेवटचं भांडण कधी झालं आणि दुसऱ्या दिवशी तो कसा वागला. "चांगल्या दिवसांत सगळेच चांगले रे. बिघडल्यावर जो परत येतो, तो आपला."

पुढे काळ पालटला. मुलंमुली मोबाईलवर एकमेकांना शोधू लागली, आईवडिलांना फक्त हॉल ठरवायचं काम उरलं. आत्यांना कोणी विचारेना. त्यांनी त्याचं दुःख केलं नाही, पण दुपारी मागच्या दाराने येऊन त्या जरा जास्तच वेळ बसू लागल्या. शेंगा निवडून देत, मेधाला म्हणजे माझ्या बायकोला गवारीत ओवा घालायची आठवण करत आणि मध्येच म्हणत, "बरं आहे बाई. मुलं आपापलं बघतात. मला मेलीला आता काय काम?"

काम होतं. ते आमच्या डोक्यावरच होतं.

आमच्या घराच्या वरच्या मजल्याला सिमेंटचे पत्रे. माझ्या वडिलांनी घातलेले. वर मेधाचा गाण्याचा वर्ग चाले आणि पावसाळ्यात पोरं सतरंजी सोडून बादल्यांच्या मध्ये मिळेल तिथे बसत. एक वर्ष आम्ही इंटरनेटवर बघून, भरपूर तारे मिळालेला एक पत्रेवाला आणला. त्याने डांबर फासलं, फोटो काढले आणि तो नाहीसा झाला. दुसरा आला तो भोकं बुजवायला गेला आणि नवी पाडून आला. त्याला मी भर गल्लीत जे काही बोललो ते समोरच्या फरसाणवाल्याने दुकान सोडून येऊन ऐकलं. मी वाघोडियाच्या कारखान्यात यंत्रांच्या आवाजात उमेदवारीपासून वाढलेला माणूस, मला हळू बोलता येत नाही.

शेवटी मेधाने शांतपणे सांगितलं, "या पावसाळ्यात गळलं तर घर काढायचं. नदीपलीकडे चांगले फ्लॅट झालेत. दलाल विचारून गेलाय." ती चिडली असती तर मी भांडलो असतो. तिचंही चूक नव्हतं. हार्मोनियममध्ये दोनदा पाणी गेलं होतं. पण त्या घरात माझा जन्म झालेला. फ्लॅटच्या नुसत्या विचाराने मला जेवण जाईना.

हे सगळं आत्यांनी शेंगा निवडता निवडता ऐकलं. "चौकशी केलीस?" त्यांनी मला विचारलं.

"तीन जणांकडून भाव मागवलेत."

"भाव नव्हे रे. चौकशी." आणि मेधाकडे वळून, "तारे म्हणे. तारे कोणी दिले? त्याच्या मेव्हण्यानेच ना?"

दुसऱ्या दिवसापासून त्या माझ्या स्कूटरवर मागे एका बाजूला पाय सोडून बसल्या आणि आम्ही बडोद्यातली छतं बघत हिंडू लागलो. पत्रेवाल्याने ज्यांची नावं दिली त्यांच्याकडे न जाता आत्या त्यांच्या शेजारी शिरत, अर्थात मागून. "बेन, जरा पाणी मळशे?" एवढ्यावर गुजराती घरात खुर्ची मिळते. पाणी पिता पिता त्या वर बघत आणि सहज विचारत, "बाजूवाळानां पतरां गळे छे?" पहिल्या पत्रेवाल्याने आम्हाला एक झकास छत दाखवलं. निळंशार, मला फार आवडलं. शेजारणीकडून कळलं की ते दिवाळीनंतर घातलेलं. आत्या स्कूटरवर बसता बसता म्हणाल्या, "ज्या छतावर पाऊसच पडला नाही त्याचं कौतुक काय? साखरपुड्याच्या दिवशी सगळेच जावई चांगले असतात."

हेमंतचं नाव निघालं ते गोरव्यातल्या एका पिठाच्या गिरणीत. गिरणीवाला म्हणाला, "हेमंतभाईनं केलेलं काम. पहिल्या वर्षी एका बाजूनं गळलं. पीठ भिजलं माझं. फोन करून मी बहु शिव्या दिल्या."

आत्या सावरून बसल्या. "मग?"

"मग शुं? ऐकून घेतल्या. दुसऱ्या दिवशी शिडी घेऊन आला."

आत्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं पूर्वी वधूपित्याकडे बघत असाव्यात. "हा," त्या म्हणाल्या. मी तिथल्या तिथे फोन लावला. हेमंतने पत्ता विचारला आणि तो ऐकून एकदम गप्प झाला. बघतो, कळवतो, म्हणाला. आत्यांनी फोन बंद करायला लावला. "दोन दिवस थांब. मला अजून बघायचंय."

त्या दोन दिवसांत त्या एकट्याच रिक्षाने हेमंतच्या वस्तीत जाऊन आल्या आणि आयुष्यभर जी चौकशी करत आल्या तीच त्यांनी केली. पितो का? आईशी कसा बोलतो? कामावरची माणसं टिकतात का? राग कसा आहे? आणि निघताना जुन्या सवयीने आमचा पत्ता शेजारणीकडे ठेवला.

रविवारी सकाळी मी बनियनवर चहा पीत होतो, तेव्हा पुढच्या दारात नवी कोरी साडी नेसलेल्या एक बाई आणि टोपी घातलेले एक गृहस्थ उभे राहिले. बाईंच्या हातात पेढ्यांचा पुडा. "मी हेमंतची आई. हे त्याचे मामा," त्या म्हणाल्या. मला वाटलं, कामाचं ठरवायला वडीलधारी माणसं आली असतील. प्रत्येक धंद्याची रीत वेगळी. मी त्यांना आत बसवलं. मामांनी माझी नोकरी विचारली, घर स्वतःचं का विचारलं, मूळ गाव विचारलं. मी मनात म्हटलं, गिऱ्हाइकाची इतकी चौकशी करणारा पत्रेवाला म्हणजे काम पक्कं असणार.

मेधा चहा घेऊन आली. बाईंनी तिच्या मागे दाराकडे बघितलं. "मुलगी बाहेर गेलीय का?"

"कुठली मुलगी?" मेधा म्हणाली. आम्हाला एकच मुलगा, तो बंगळूरला.

मग सगळा उलगडा झाला आणि खोलीत कोणी कोणाकडे बघेना. मामा टोपी काढून तिची घडी तपासू लागले. मला आधी हसू आलं, पण बाईंचा चेहरा बघून ते घशातच राहिलं. त्यांनी पेढ्यांचा पुडा मांडीवर ओढून घेतला होता. "तसं नाही," त्या म्हणाल्या, "पोरगा बत्तीस वर्षांचा झाला. पत्र्याचं काम करतो म्हटलं की लोक पुढे विचारतच नाहीत. शेजारीण धावत आली, एक आजी येऊन सगळं विचारून गेल्या म्हणाली. मला वाटलं, कोणी तरी माझ्या पोराची चौकशी केली."

मेधाने मागच्या दाराने जाऊन आत्यांना बोलावून आणलं. आत्या आल्या, स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात उभ्या राहिल्या आणि सगळं ऐकून घेतलं. त्या हसल्या नाहीत, माफीही मागितली नाही. बाईंच्या शेजारी जाऊन बसल्या आणि त्यांच्या मांडीवरचा पुडा घेऊन त्यांनी स्वतःच सोडला.

"चौकशी खरीच होती, ताई," त्या म्हणाल्या. "तुमचा मुलगा चांगला आहे असं मला तुमच्या गल्लीने सांगितलं. काम दुसरं होतं एवढंच. आता हेही काम माझ्याकडे. पण आधी यांचे पत्रे." आणि एक पेढा बाईंना, एक मामांना देऊन तिसरा त्यांनी स्वतः खाल्ला. त्या दिवशी आत्या मला दहा वर्षांनी लहान वाटल्या.

सोमवारी हेमंत आला. शरमेने त्याची मान वर होईना. "काका, आईने ते... सॉरी हां," एवढंच बोलून तो शिडीवर चढला. छताची मापं वरून घ्यावी लागतात ही त्या दिवशी त्याची मोठीच सोय झाली. पण आत्यांनी त्याला वरही सोडलं नाही. काम सुरू झालं, छत पेलणाऱ्या लोखंडी कैच्या बसत होत्या, रंगीत पत्रे चढत होते आणि आत्या वर्गाच्या खोलीत छत्री उघडून खुर्चीवर बसलेल्या.

"स्वयंपाक येतो का रे?"

"खिचडी येते, आत्या."

"आणि भांडी?"

वरचं ड्रिल थांबलं. "घासतो. आईचा हात दुखतो ना."

"बायको नोकरी करणारी चालेल?"

"तिला पत्रेवाला चालला पाहिजे," हेमंत म्हणाला आणि ड्रिल पुन्हा सुरू केलं.

पावसाळा आला. पहिले काही दिवस छत कोरडं होतं आणि मी घरात जरा छाती काढूनच वावरत होतो. मग एका दुपारी मुसळधार पाऊस लागला आणि वर्गाच्या कोपऱ्यात, जिथे आमचे पत्रे शेजाऱ्यांच्या भिंतीला टेकतात, तिथून पाण्याची बारीक रेघ उतरली. मेधाने न बोलता बादली आणून ठेवली. मी फोन उचलला, आवाज चढवायला श्वासही घेतला, तेवढ्यात आत्यांनी हात वर केला.

"ओरडू नकोस. गोडही बोलू नकोस. गळतंय एवढंच सांग आणि ठेव. आत्ता खरी चौकशी आहे."

मी तेवढंच सांगितलं. मग आम्ही तिघं त्या बादलीभोवती बसलो. मेधा तंबोऱ्याला गवसणी घालत होती, घातलेली काढून पुन्हा घालत होती. मी दर थोड्या वेळाने खिडकीशी जात होतो. आत्या मात्र डोळे मिटून बसल्या होत्या. त्यांचंही त्या कोपऱ्यात बरंच काही टांगणीला लागलं होतं. चुकल्या असत्या तर एका वेळी दोन स्थळं चुकली असती.

हेमंत आला तो मागच्या दाराने. पुढच्या गल्लीत गुडघाभर पाणी साचलं होतं, म्हणून मागून आला, बाकी काही नाही. पण आत्यांनी डोळे उघडले आणि त्या प्रसन्न हसल्या. नखशिखान्त भिजलेला हेमंत आधी कोपऱ्यात गेला, भिंतीवर हात फिरवला आणि म्हणाला, "माझीच चूक आहे, काका. भिंतीची फट मी भरली, पण वर पट्टी घेतली नाही." पाऊस ओसरताच त्याने पट्टी मारली. पुढच्या जोरदार पावसात तो न बोलावता पुन्हा आला, कोपरा बघितला, हात फिरवला आणि चहा पिऊन गेला.

मेधाने त्या संध्याकाळी दलालाला फोन करून घर काढायचं नाही म्हणून सांगितलं. मग बादली धुऊन मोरीत नेऊन ठेवली. मला इतकं बरं वाटलं की मी गवारीची भाजी दोनदा घेतली.

आत्यांनी हेमंतसाठी दाहोदची एक शिक्षिका शोधली. तिच्याकडून वडील आणि ती स्वतः चौकशीला आली, ती हेमंतच्या घरी नाही, आमच्या घरी. आत्यांनीच तसं सांगितलं होतं, आणि दारही सांगून ठेवलं होतं. वडील स्वयंपाकघरातून वर गेले आणि मान वर करून पत्रे बघत राहिले. मुलीने मला विचारलं, "गळलं होतं का?"

मी आत्यांकडे बघितलं. त्या खिडकीबाहेर बघत होत्या. "हो," मी म्हणालो. "एकदा गळलं."

"मग?"

"आला."

मुलीने मान हलवली आणि मेधाला म्हणाली, "काकू, थोडं पाणी मिळेल?" त्या लग्नात आत्यांनी जिलबी तीन वेळा मागून घेतली.

त्यानंतरच्या थंडीत आत्या गेल्या. दुपारी झोपल्या त्या उठल्या नाहीत. आजार नाही, कोणाला त्रास नाही. गल्लीतल्या बायकांना आठवडाभर चहाचा अंदाज येईना. मलाही फार चुकल्यासारखं वाटायचं, अजून वाटतं. तेराव्याला हेमंत बायकोला घेऊन आला. पंगती उठल्यावर आम्ही मागच्या पायरीवर बसलो होतो, तेव्हा मी त्याला विचारलं, "पहिल्या फोनला तू गप्प का झाला होतास रे? बघतो, कळवतो म्हणालास."

तो बायकोकडे बघून हसला. "काका, तुमचा पत्ता ऐकला आणि घाबरलो. आमच्या लाइनीत सगळ्यांना माहीत होतं, रावपुऱ्यातल्या त्या घराचं काम घ्यायचं नाही, मालक भर गल्लीत इज्जत काढतो. मी नाहीच म्हणणार होतो. पण मग आत्या माझ्या कामावर येऊन भेटल्या, घरी मी काही बोललो नव्हतो."

"माझ्याबद्दल काय म्हणाल्या?" मी विचारलं. माझा आवाज चढलाच असणार, कारण मेधा आतून बाहेर आली.

"म्हणाल्या, मी त्याच्या मागच्या दाराने वर्षानुवर्षं जाते. माणूस तापट आहे. पण ओरडून झालं की चहा विचारतो. खुशाल काम घे."

मेधा तशीच आत गेली आणि तिने चहाचं आधण ठेवलं.