चहाआधीची चूक

नाना गेल्याचा फोन आला तेव्हा मी ओपीडीत होते. समोरच्या आजींचं बीपी घेता घेता हात थांबला. पहिला विचार काय आला सांगू? ...सुटले, आता मला तो प्रश्न कुणी विचारणार नाही. लाज वाटली स्वतःची.

नाना म्हणजे आमच्या तालुक्याच्या डॉक्टर मंडळाचे सगळ्यात जुने सभासद. मोठ्या दुष्काळात खडी फोडणारी माणसं उन्हानं पडायला लागली, तेव्हा चार-पाच डॉक्टर पाळी लावून त्या दुष्काळी कामावर त्यांना तपासायला जाऊ लागले, त्यातून हे मंडळ उभं राहिलं. खरेदी-विक्री संघानं सरकी ठेवायची खोली दिली, बैठक अजूनही तिथंच भरते. नियम नानांचा. चहाआधी प्रत्येकानं आपली एक चूक सांगायची. आपलीच, दुसऱ्याची नाही. "लोकाची उणीदुणी काढायला पार हाय की गावात," म्हणायचे. सुरुवात कायम त्यांची. "काल लेकरू न तपासताच औषध दिलं. गाढव हाय मी."

मी नवी होते. पाऊस नव्हता, गावंच्या गावं ऊसतोडीला निघालेली. शिरूर कासारकडची कौशल्या आली, वय सव्वीस, अंगावरून जातंय, पोट दुखतंय. "बाई, पिशवी काढायची चिट्टी द्या. फडात दुखणं काढायला सवड न्हाई." दाराशी तोडीच्या टोळीचा मुकादम ताटकळत उभा. औषधानं बरं होणारं दुखणं होतं, तरी मी दिली गर्भाशय काढायची चिठ्ठी. ऑपरेशन झाल्यावर वर्षानं ती आली, अंगाची आग, गुडघे धरलेले. म्हणाली, "आधी नानाकडं गेलते. तुमची चिट्टी त्यांनी ठिवून घेतली."

"काय म्हणाले?"

"काईच न्हाई."

त्या महिन्याच्या बैठकीत मी भलतीच किरकोळ चूक सांगितली. नानांनी विचारलं, "बाई, अजून काही हाय का?" "नाही नाना." त्यांनी चहाचा कप पुढं सरकवला. पुढं वर्षानुवर्षं तेच. एका वाक्यात त्यांना मला उघडं पाडता आलं असतं, पण नियम त्यांचाच होता ना! मी चिडायचे, म्हातारा छळतोय म्हणायचे. तशी चिठ्ठी मात्र पुन्हा कधी दिली नाही. शेवटचं भेटायला गेले तेव्हा ते खाटेवर. आवाज फुटत नव्हता, तरी त्यांनी विचारलंच, "अजून काही...?" "आराम करा नाना," मी म्हणाले आणि निघून आले.

शोकसभा त्याच खोलीत झाली. चहावाल्यानं सवयीनं नानांच्या जागीही कप ठेवला. भाषणं संपली, आपापल्या कपाला कुणी हात लावेना. सुरुवात कोण करणार? मी उठले. कौशल्याचं वय, दुखणं, चिठ्ठी... सगळं सांगितलं. रडलेही. त्यानं कौशल्याचं काही परत आलं नाही, ती अजून गुडघे धरूनच फडात जाते. पण मागं बसलेला एक नवा डॉक्टर उभा राहिला. "उद्या माझ्याकडं अशीच एक बाई आहे ऑपरेशनला," तो म्हणाला, "तुम्ही एकदा तपासता का तिला?"

"येते," मी म्हणाले, आणि नानांच्या कपाकडं बघितलं. "अजून काही नाही, नाना."

मग आम्ही चहा घेतला.