हृषीकेशापर्यंत पाय वर

गुडघे सगळ्यांनाच असतात. माणूस ते वापरतो, झिजवतो आणि मग त्यांच्या नावाने कण्हतो. पण गुडघ्यांनीच एखादा माणूस बाळगावा, त्याला हवं तिथे न्यावं आणि लहर आली की भर रस्त्यात उभा करून ठेवावा, असे अख्ख्या ठाणे जिल्ह्यात एकच गृहस्थ आहेत आणि ते माझे मामेसासरे आहेत. आम्ही कल्याणला, ते डोंबिवलीत. उभा जन्म त्यांनी भिक्षुकी केली. डोंबिवली, कल्याण, मोहने, पार ठाण्यापर्यंत त्यांनी किती सत्यनारायण सांगितले आणि किती मुंजी लावल्या, ते त्यांनाही आठवत नाही. मांडी घालून बसणं हाच ज्या माणसाचा व्यवसाय, त्याच्या गुडघ्यांनी साथ सोडावी, म्हणजे गवयाचा गळा बसावा तसलाच प्रकार झाला.

दोन गुडघ्यांपैकी उजव्याबद्दल मामा जरा आदराने बोलतात. डाव्याला मात्र ते ‘जावई’ म्हणतात. “कार्य निघालं की रुसलाच!” हे ते माझ्यासमोर, माझ्याकडे बघत सांगतात आणि वर “काय जावईबापू?” म्हणून मलाच साक्षीला घेतात. या जावयापायी त्यांनी मुहूर्तशास्त्रातही सुधारणा घडवून आणली. यजमानांच्या इमारतीला लिफ्ट असेल, तर मुहूर्त सकाळी दहाचा. लिफ्ट नसेल, तर दर मजल्याला तो दहा मिनिटं पुढे सरकतो. कारण मामा प्रत्येक मजल्यावर थांबतात, समोर ज्याचं दार असेल त्याची बेल वाजवतात, पाणी मागतात आणि पाणी देणाऱ्याला त्या दिवशीची तिथी न् नक्षत्र सांगून मोकळे होतात. मोहन्याला एकदा ते कुणाच्या तरी चौथ्या मजल्यावर पोचले, तोवर वाटेत त्यांना एक वास्तुशांत आणि एक बारसं मिळालं होतं.

शेवटी मामींनी त्यांना धरून फिजिओथेरपीला नेलं. मामी कमी बोलतात, पण बोलल्या की समोरच्याला पाणी प्यावंसं वाटतं. तिथली डॉक्टरीण नातीच्या वयाची. तिने एक्स-रे उजेडात धरून सांगितलं, “आजोबा, सांध्यातली गादी झिजलीय. ती काय परत येणार नाही. पण मांडीचे मसल्स स्ट्राँग केले ना, तर गुडघ्यावरचा लोड कमी होईल. हळूहळू करायचं. थोडं दुखलं तर चालेल. दुसऱ्या दिवशीपण दुखत राहिलं, तर कमी करायचं.”

“त्यात मेंदू दिसतोय का बघ हो,” मामी म्हणाल्या. “इतकी वर्षं तिथेच आहे.”

व्यायाम तसे साधेच होते. खुर्चीत बसून एकेक पाय समोर सरळ करायचा आणि दहा मोजेपर्यंत तसाच धरायचा. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून ती दाबायची. ओट्याला धरून टाचा उचलायच्या. हात न टेकता खुर्चीतून उठायचं, पुन्हा बसायचं. “पाठशाळेत उठाबशा शिक्षा म्हणून काढल्या, आता औषध म्हणून काढतोय,” मामा सांगायचे. पण एक, दोन, तीन असे कोरडे आकडे मोजणं त्यांना पटेना. संध्येच्या सुरुवातीला विष्णूची चोवीस नावं घेतात, तीच त्यांनी व्यायामाला जुंपली. केशवाय नमः, पाय वर. मग नारायण, माधव, गोविंद करत करत दहावा हृषीकेश आला, की पाय खाली. तेव्हापासून त्यांच्या दुखण्याची भाषाच बदलली. फोनवर तब्येत विचारावी, तर उत्तर येई, “काल वामनाला कळ आली हो. आज मात्र श्रीधरसुद्धा सुखरूप गेला.” डॉक्टरीणबाईंना वामन कितवा ते समजेना, म्हणून त्यांनी शेवटी भिंतीवर नावांचा कागदच चिकटवला. तिथे येणारे इतर म्हातारेही मग गोविंदापर्यंत, विष्णूपर्यंत अशा प्रगतीच्या गप्पा मारू लागले.

महिन्या-दोन महिन्यांत गुडघा खरंच सुधारला, पण एक घोटाळा झाला. नाव आणि पाय यांची इतकी घट्ट गाठ बसली की नाव आलं की पाय निघे. डोंबिवली पूर्वेला एका घरी सत्यनारायण होता. मामा खुर्चीवर, यजमान नवरा-बायको खाली पाटांवर. मामांनी आचमनाला “केशवाय नमः” म्हटलं आणि त्यांचा उजवा पाय आपोआप समोर सरळ झाला. यजमान बिचारे आज्ञाधारक. गुरुजी करतील ते करायचं, एवढंच त्यांना ठाऊक. त्यांनीही मांडी मोडून पाय वर केला. मग यजमानीणबाईंनी पैठणी सावरत केला. मागे बसलेल्या त्यांच्या सासूबाईंनी शेजारणीला विचारलं, “हे नवीन आलंय का गं?”

“साऊथकडे करतात असं,” शेजारीण म्हणाली.

मामांच्या ध्यानात आलं, तेव्हा त्रिविक्रम चालू होता आणि चौरंगासमोर तीन तळपाय हवेत होते.

“मग थांबवलं नाहीत?” मी विचारलं.

“कसं थांबवणार, जावईबापू? हृषीकेशाआधी सोडलं तर उपयोग नाही!”

देवाकडे पाय झाल्याबद्दल मात्र त्यांनी घरी येऊन स्वतःच्या थोबाडीत मारून घेतलं. मामी म्हणाल्या, “वामनाने बळीच्या डोक्यावर दिला होता, तुम्ही नुसता हवेत दिलात. जेवा आता.”

असं सगळं हसण्यावारी चाललं होतं, तोवर माझ्या मुलीचं, मुक्ताचं लग्न ठरलं. तिचं लग्न आपणच लावणार, हे मामांनी तिच्या बारशालाच जाहीर केलं होतं. प्रश्न होता तो बसण्याचा. सत्यनारायण खुर्चीवरून चालतो, पण लग्नात होम असतो. आम्ही खुर्चीचं नाव काढताच मामा म्हणाले, “अग्नी जमिनीवर आणि मी खुर्चीत? अग्नीच्या वर बसून मी पोरीचं लग्न लावू? त्यापेक्षा दुसरा गुरुजी बघा.” हे म्हणताना त्यांचा आवाज असा काही झाला की आमच्यापैकी कुणालाच हसू आलं नाही. डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं, दोन-दोन तास मांडी घालणं या गुडघ्यांना मानवायचं नाही, उंच पाट घ्या, मधूनमधून पाय मोकळे करा. मामा तिला हो म्हणाले आणि घरी येऊन त्यांनी जमिनीवर बसायचा सराव सुरू केला. आधी चार उशांवर, मग तीन, मग दोन. दर रविवारी फोन यायचा. “जावईबापू, एकच उरली!” आणि लग्नाच्या आठवड्यात एका सकाळी, “उशी गेली!”

लग्न कल्याणच्या हॉलमध्ये होतं. मी गुपचूप एक खुर्ची होमाजवळ आणून ठेवली होती. मामांनी ती नुसत्या भुवयांनी हलवायला लावली आणि माझ्या खांद्याचा आधार घेत खाली बसले. मांडी घातली. पहिल्याच ‘केशवाय’ला सोवळ्याच्या आत जावयाने एक उसळी घेतली, तेव्हा मामांनी त्यावर तळवा दाबून त्याला गप्प बसवलं. पुढचे दोन तास त्यांचा आवाज खणखणीत लागला होता. कपाळावरून घाम निथळत होता आणि तो धुरामुळे येतोय, असं ते दर थोड्या वेळाने कुणीही न विचारता सांगत होते. मुक्ताला समोरून दिसत होतंच. ती हळूच म्हणाली, “आजोबा, भूक लागलीय हो. थोडं पटापट घ्या ना.”

“एक अक्षर गाळणार नाही. भूक लागली तर लाह्या खा.”

सप्तपदीला एरवी ते वधूवरांच्या बरोबरीने चालतात. या वेळी बसल्या जागेवरून त्यांनी बोटानेच पावलं दाखवली. सगळं यथासांग झालं. मंडळी जेवायला पळाली, तरी मामा होमाशेजारी बसून राख सारखी करत होते. मुक्ता परत आली.

“जेवायला चला ना, आजोबा.”

“तुम्ही व्हा पुढे. अग्नीचं विसर्जन राहिलंय.”

“ते मघाशीच केलंत.”

मामांनी इकडेतिकडे पाहिलं आणि अगदी हळू म्हणाले, “अगं, मी बसायचा सराव केला. उठायचा केलाच नाही. घरी तुझी आजी उठवते.”

मुक्ता आधी खदाखदा हसली, मग शालूसकट त्यांच्याशेजारी जमिनीवर बसली आणि त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवून रडली. मामा तिला म्हणत होते, “रडतेस काय वेडे, अजून सासरी गेलीस कुठे?” शेवटी एका बाजूने मी आणि दुसऱ्या बाजूने नवरदेव, असं आम्ही त्यांना उभं केलं. माझा दंड धरून ते कानाशी म्हणाले, “बसलो ना हो शेवटपर्यंत?”

“बसलात, मामा,” मी म्हणालो.

मामी तोवर दारातून त्यांच्या चपला घेऊन आल्या होत्या. “चला आता, पानं वाढलीत,” म्हणत त्यांनी वाकून त्या मामांच्या पायांपुढे सरळ मांडून ठेवल्या. वाकताना त्यांनी मंडपाचा खांब घट्ट धरला होता आणि पुन्हा सरळ उभं राहताना मध्ये दोनदा थांबल्या. इतके महिने आम्ही सगळे रोज मामांच्या गुडघ्यांची खबर घेत होतो. मी जवळ जाऊन विचारलं, “मामी, तुमचे गुडघे कसे आहेत?”

“माझे?” मामी म्हणाल्या. त्या क्षणभर माझ्याकडे बघतच राहिल्या. मग पदराने हात पुसत म्हणाल्या, “चाललंय.”