म्हातारीची फळी

अस्वलाचा जुना पिंजरा लांबीला बारा पावलं, रुंदीला आठ. खाली सिमेंट, तीन बाजूंना गज, मागे एक अंधारी खोली. फिनेलमामाने हा पिंजरा एकोणतीस वर्षं रोज दोनदा धुतला. आधी खराटा, मग पाइप, मग फिनेलचं पाणी, पुन्हा पाइप, आणि शेवटी गुडघ्यावर बसून कोपऱ्यांना हातातला ब्रश. कोपरे खराट्याने निघत नाहीत. निघतात असं ज्याला वाटतं, त्याने कधी कोपरा धुतलेला नाही.

त्याचं खरं नाव हजेरीच्या वहीत होतं आणि तिथेच राहिलं. प्राणिसंग्रहालयात सगळे त्याला फिनेलमामा म्हणत. तो जवळून गेला की आंधळ्यालाही कळलं असतं कोण गेलं. घरीही तोच प्रकार. बूट उंबऱ्याबाहेर, पाय मोरीत, मग घरात. पाहुण्यांनाही सूट नव्हती. बायकोचा भाऊ एकदा बूट घालून आत आला, तेव्हा मामा त्याच्याशी बोलता बोलता त्याच्या मागे फडकं फिरवत गेला. तो पुन्हा वर्षभर फिरकला नाही.

पिंजऱ्यातल्या अस्वलाच्या मादीला मामा म्हातारी म्हणायचा. ती आली तेव्हा मांजराएवढी होती, तरी म्हातारीच. तोंडच तसं होतं, सासुरवाडीच्या तक्रारी सांगायला आल्यासारखं. ती मागच्या खोलीत असताना तो पिंजरा धुई आणि ती पिंजऱ्यात आली की खोली. सगळं लख्ख. फक्त एका गोष्टीने मामाला दाद दिली नाही. खोलीत जमिनीपासून दोन हात उंचीवर एक जाड लाकडी फळी होती. म्हातारी त्यावर झोपायची. इतक्या वर्षांचं तिच्या अंगाचं तेल त्यात मुरलेलं. फळी काळी कुळकुळीत. कितीही घासा, वास जागचा हलायचा नाही. मामा त्या फळीकडे शेजाऱ्याच्या भांडखोर पोराकडे बघावं तसं बघायचा.

मग प्राणिसंग्रहालयाचं मोठं काम निघालं. पिंजरे पाडायचे, मोकळी आवारं करायची. अस्वलासाठी पलीकडच्या उतारावर जागा ठरली आणि मामाच्या अंगात वारं शिरलं. जेवणाच्या सुट्टीत डबा हातात घेऊन तो तिकडे जायचा. मातीचे ट्रक मोजायचा. एकशे चाळीस ट्रक माती पडली. तिचा उंचवटा झाला. तळं खोदलं, मोठी झाडं मुळांसकट आणून लावली, एक अख्खा ओंडका आडवा टाकला. गज एकही नाही. समोर खोल खंदक, बाजूला चार बोटं जाडीची काच.

घरी आल्यावर तो ओट्यावर भांडी मांडून बायकोला समजावायचा.

"ही कढई म्हणजे टेकाड. हे ताट तळं. आणि हा तांब्या म्हातारी."

"आणि मी आमटी कशात करू? तळ्यात?"

"अगं, तिला माती मिळणार! जन्मात पायाला माती लागली नाही तिच्या. सिमेंटवर सगळं आयुष्य. नखं बघ, झिजून झिजून बटणं झालीत."

"बघते हं. आधी टेकाड इकडे द्या."

एकच अडचण होती. मामा महिनाअखेर निवृत्त होणार होता आणि म्हातारीला हलवायचं होतं त्यानंतर पंधरा दिवसांनी. मामा एकोणतीस वर्षांत साहेबांच्या खोलीत दोनदा गेला होता, दोन्ही वेळा खिडकीतून शिरलेलं माकड बाहेर काढायला. तिसऱ्यांदा तो स्वतःच्या कामासाठी गेला. बूट बाहेर काढून गेला.

"साहेब, मला तिला मातीवर पाय ठेवताना बघायचंय. नंतर तिकीट काढून येईन, पण ते बघणं वेगळं."

साहेबांनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं. "बावीसला हलवू. पण दार उघडणं माझ्या हातात, मामा. बाहेर येणं तिच्या."

"येईल हो. उड्या मारत येईल."

एकवीस तारखेला मामाने नवं घर लावलं. सुताराचा भुसा, रंगाचे डाग, सिमेंटचे शिंतोडे, सगळं काढलं. आतली खोली फिनेलने तीनदा. दाराचा उंबरा चारदा. बाहेरचे खडक धुतले, ओंडका धुतला. दगड धुणारा माणूस कोणी पाहिला नव्हता, म्हणून गवंडी काम सोडून बघत उभे राहिले. संध्याकाळी मामाची पाठ धनुष्यासारखी झाली होती, पण खोली अशी की जमिनीवर जेवायला बसावं. जुन्या खोलीतली फळी मात्र त्याने दोन माणसं लावून उखडली आणि भंगाराच्या ढिगावर टाकून दिली. "नव्या घरात ही नको," तो म्हणाला आणि हात धुतले.

बावीसला म्हातारी मोठ्या लोखंडी पेटीतून आली. मधाच्या बोटावर अर्ध्या तासात पेटीत शिरली होती. नव्या खोलीत उतरली, दोनदा शिंकली आणि मागच्या भिंतीला जाऊन चिकटली. मामाने चाक फिरवलं. सरकतं दार वर गेलं. बाहेर ऊन, माती, झाडं. काचेपलीकडे पंचवीसएक जण गोळा झाले होते. हत्तीवाला, पक्ष्यांकडचे दोघे, तिकीटखिडकीवरची बाई.

म्हातारी आली नाही.

"लाजतेय," मामा म्हणाला.

तेवीसला आली नाही. दारात गाजरं ठेवली. चोवीसला सफरचंदं, मधाची वाटी. म्हातारी मागच्या कोपऱ्यात नाकावर पंजा ठेवून बसलेली. खाणंही अर्धंच. मामाने आपल्या परीने जोर लावला. नवं घर आहे, ते नवंच राहायला हवं, म्हणून तिला बाजूच्या कप्प्यात घेऊन सकाळ-दुपार खोली घासली. हात कमी पडायला नको.

तिकडे जुना पिंजरा कापायला वेल्डर आला होता. मामाचा जुना दोस्त. जीभ त्याच्या कटरपेक्षा धारदार.

"काय फिनेलमामा, आली का सूनबाई माप ओलांडून?"

"येईल."

"तुझ्या आधी ती निवृत्त होईल. लाव पैज. तीसपर्यंत आली तर महिनाभर तुझे बूट मी पुसतो."

"तुझ्या हातचं पुसलेलं मला पुन्हा पुसावं लागेल," मामा म्हणाला. पण हसला नाही. सहा दिवस उरले होते.

पंचवीसला डॉक्टरबाई आली. वयाने मामाच्या मुलीएवढी, पण जनावराजवळ गेली की शंभर वर्षांची. तिने म्हातारीचे डोळे पाहिले, खाल्लेलं-टाकलेलं पाहिलं. मग म्हातारीला बाजूच्या कप्प्यात घ्यायला लावलं आणि स्वतः तिच्या कोपऱ्यात जाऊन गुडघ्यावर बसली. डोकं खाली घातलं आणि हुंगलं. मग रांगत रांगत उंबऱ्यापर्यंत हुंगत गेली. मामाला वाटलं, आता शाबासकी मिळणार.

"मामा, इथे फिनेल किती टाकलंत?"

"काही कमी नाही केलं, बाई. उंबऱ्याला चार हात."

"आणि रोज?"

"रोज दोनदा. एक दिवस चुकला नाही."

डॉक्टरबाईचे डोळे पाण्याने भरले होते. वासाने. "माझं नाक माणसाचं आहे, तरी झोंबतंय. तिचं नाक म्हणजे तिचे डोळे. तुम्ही त्या उंबऱ्यावर भिंत बांधून ठेवलीय."

"जुन्या पिंजऱ्यातही मी हेच टाकायचो. तिथे काही झालं नाही."

"तिथे तिचं स्वतःचं काहीतरी असेल. स्वतःच्या वासाचं. असं काय होतं, जे तुम्ही धुतलं नाही?"

मामा उंबऱ्याशी खाली टेकला.

"फळी," तो म्हणाला.

"कुठाय? ती परत आणा. हे फिनेल काढा आणि तिची थोडी घाण राहू द्या इथे."

एकोणतीस वर्षांत कामावरून मामाला कोणी बोट दाखवलं नव्हतं. आज दाखवलं, तेही चांगलं काम केल्याबद्दल. तो उठला, खराटा जागेवर टांगला आणि घरी गेला.

घरी तो जेवला नाही. बायकोने दोनदा विचारलं, तिसऱ्यांदा विचारल्यावर सगळं एका दमात बाहेर पडलं. "म्हणे घाण करा! मी! घाण करू!"

बायको भाजी निवडत होती. "लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात तुम्ही माझी शाल धुतली होती. आठवतं?"

"मळली होती."

"मळली नव्हती. तिला आईच्या घराचा वास होता. तुम्ही ती सोडा घालून उकळलीत. मी चार रात्री टक्क जागी होते."

"बोलली नाहीस कधी."

"बोलले असते तर तुम्ही ती पुन्हा धुतली असती."

सव्वीसला मामा साडेसहालाच भंगाराच्या ढिगावर. गज होते, पत्रे होते, फळी नव्हती. त्याने अख्खा ढीग उपसला, एकट्याने, हाताने. फळी नाहीच. तो धावत जुन्या पिंजऱ्याकडे गेला. तिथे वेल्डर खाली बसून निवांत गज कापत होता. ठिणग्या उडत होत्या. आणि त्याच्या बुडाखाली काळी कुळकुळीत फळी.

"ऊठ!"

"अरे, चार दिवसांची बैठक आहे माझी. मऊ झालीय."

"ऊठ म्हणतो ना! तुझा वास लागेल तिला!"

"माझा वास लागला तर अस्वल पळत सुटेल. तुझंच काम होईल."

पण मामाचं तोंड बघून तो उठला. फळीला दोन-चार ठिकाणी ठिणग्यांनी भोकं पडली होती. मामाने ती नाकाला लावली. आयुष्यात पहिल्यांदा, मुद्दाम. होता. वास जागचा हलला नव्हता. दोघांनी फळी खांद्यावर घेतली. दोनशे पावलं चढ. वेल्डर वाटभर शिव्या देत होता आणि एकदाही फळी खाली टेकवू देत नव्हता.

मग उलटं काम सुरू झालं. उंबरा, खोली आणि बाहेरचे खडक नुसत्या पाण्याने. फिनेलचा एकेक थेंब जाईपर्यंत. मामाने दिवसभर पाइप सोडला नाही. चार हात चढवले होते, ते उतरवायला चाळीस लागले. म्हातारीला कप्प्यात ठेवून फळी खोलीत बसवली. जुन्या खोलीतलं उरलेलं गवत दारापासून बाहेर पसरलं. आणि तिची घाण, जी तो इतकी वर्षं नजरेला पडताक्षणी उचलत आला, ती पाटीत भरून ओंडक्याजवळ, खडकाजवळ, झाडाखाली ठेवून आला. हत्तीवाल्याने हे पाहिलं आणि लगेच पलीकडे जाऊन सांगितलं. काचेशी पुन्हा गर्दी.

"या, या! फिनेलमामा घाण वाढतोय! पंगत बसवा!" वेल्डर ओरडला.

मामा मोजून वाढत होता. दर तीन पावलांवर एक.

सर्वात अवघड सत्तावीस आणि अठ्ठावीस गेले. डॉक्टरबाईची सक्त ताकीद होती, खोलीला हात लावायचा नाही. मामा दाराबाहेर स्टुलावर बसून राहिला. आत फरशीवर गाजराची सालं, केस, गवत. हात आपोआप खराट्याकडे जायचे. शेवटी त्याने खराटा डॉक्टरबाईच्या खोलीत नेऊन ठेवला. एकशे चाळीस ट्रक माती वाहणं सोपं होतं. बसणं कठीण.

पण सत्तावीसला म्हातारी फळीवर चढली. भोकं हुंगली, एक चाटलं, लांब उसासा टाकला आणि घोरायला लागली. अठ्ठावीसला सगळं जेवली. मग दुपारी नाक उंबऱ्यावर. नुसतं नाक. वर-खाली, वर-खाली.

एकोणतीसला सकाळी मामाला सुचलं. त्याने डॉक्टरबाईला विचारलं, साहेबांना विचारलं आणि म्हातारी कप्प्यात असताना हत्तीवाल्याला हाताशी घेऊन फळी दाराबाहेर चार पावलांवर मातीत ठेवली. मग तिला खोलीत सोडलं. चाक फिरवलं.

म्हातारी दारात आली. फळीकडे बघितलं. मामाकडे, दाराशेजारच्या सळयांच्या झरोक्यातून, बघितलं. चेहरा तोच, तक्रारीचा. मग उजवा पंजा बाहेर. माती. पंजा झटकन मागे. पुन्हा बाहेर. मामाने झरोक्याची सळई घट्ट धरली होती. डावा पंजा. मग तो मोठा काळा देह डुलत बाहेर आला आणि फळीवर जाऊन बसला.

खाली जुन्या पिंजऱ्यापाशी वेल्डरने कटर बंद केला होता.

म्हातारीने बसल्या बसल्या एक पाय खाली सोडला आणि माती उकरली. माती निघाली. तिला ते खरं वाटलं नसावं. तिने पुन्हा उकरलं. पुन्हा निघाली! मग ती फळीवरून उतरली आणि जी सुटली! दोन्ही पंजांनी. माती मागे उडत होती, काचेवर, खडकांवर, मामाने धुतलेल्या ओंडक्यावर. डोकं खड्ड्यात, बूड आभाळात. मग तळ्यात, मग ओल्या अंगाने पुन्हा मातीत, पाठीवर लोळून चारी पाय वर. काचेपलीकडे लोक नाचायला लागले. तिकीटखिडकीवरची बाई खिडकी उघडी टाकून आली होती. डॉक्टरबाईने मामाचा हात धरून गदागदा हलवला. मामा ओरडत होता, "खण! खण गं म्हातारे! सगळं खण!"

वेल्डर धापा टाकत आला. "बूट काढ," तो म्हणाला. "पुसतो."

"राहू दे," मामा म्हणाला. "उद्या पुन्हा भरणार आहेत."

तीसला ती दार उघडताच बाहेर गेली. मामा दुपारपर्यंत काचेशी उभा होता. निघताना त्याने चाव्या दिल्या, खराटा दिला. त्याच्या जागी पक्ष्यांकडचा माणूस आला होता. त्याला मामाने बादल्या, पाइप, गाजरांचं माप, सगळं दाखवलं. मग फळीपाशी नेलं. "हिला पाणी लावलंस तर मी घरून येईन," एवढंच म्हणाला.

घरी बायकोने दार उघडलं. मामा तसाच आत शिरला, बुटांसकट. ओट्यापाशी गेला, कढई ओढली, ताट ओढलं.

"हे बघ. हे टेकाड. याला आता तिने पाच खड्डे केलेत. एक तर एवढा, ती अख्खी मावते त्यात! आणि तळ्याची ही कड तर राहिलीच नाही. आणि तांब्या कुठाय?"

बायको दारापासून ओट्यापर्यंतच्या मातीच्या ठशांकडे बघत होती. तिने फडकं उचललं, मग परत ठेवलं आणि तांब्या आणून त्याच्या हातात दिला.

"आधी कुठला पाय टाकला, ते सांगा," ती म्हणाली.