चालून राहिली

मुलाकडे नागपूरला राहायला आल्यापासून मशिनी दुरुस्त करणारा एक जण आमच्याकडे येतो. त्याचं बोलणं मला निम्मं समजतं आणि उरलेल्या निम्म्यात माझा घोटाळा होतो.

माझ्या गुडघ्याच्या ऑपरेशननंतर मुलाने गवत कापायची, आपली आपण पुढे जाणारी मशीन आणली. ढकलायचं नाही, नुसतं मागे चालायचं. पण परवा ती जागची हलेना. मी त्याला म्हटलं, "मशीन चालत नाही." त्याने दोरी ओढली, इंजिन धडधडलं.

"चालून तं राहिली, काकाजी!" म्हणत तो निघाला.

"अरे, चालते, पण चालत नाही!" मी ओरडलो.

तो थांबला. बोलणाऱ्याच्या तोंडाकडे तो कधीच बघत नाही. त्या दिवशी माझ्या गुडघ्याकडे बघत होता. "काहून नाही चालत?" हे त्याने मशीनला विचारलं की मला, कळेना.

मग इंजिन बंद करून त्याने मशीन आडवी केली, चाकं फिरवणारा झिजलेला पट्टा काढला, गुंतलेलं गवत उपसलं, नवा पट्टा चढवला आणि मशीन उभी करून परत दोरी ओढली. "धरा," म्हणाला. मी दांडा दाबला आणि मशीन मला ओढतच निघाली. तो बाजूने चालत होता, एक हात माझ्या पाठीमागे, न टेकवता. कुंपणापाशी पोचल्यावर लक्षात आलं, माझी काठी तिकडे पायरीवरच आहे.

"चालून राहिले!" तो स्वतःशीच म्हणाला.

मशीनला तो 'राहिली' म्हणतो.